ओलसर घरातील धान्याची राखण

उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरून ठेवण्याची प्रथा शहरांतील अनेक घरांनी अजूनही जपली आहे. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर वाळवलेला गहू डब्यात गेला, की घर निश्चिंत होते. जुलै उजाडतो, भिंतींना ओल येते आणि एके दिवशी डबा उघडताच कोंदट वास नाकात शिरतो. दोष बहुधा धान्याचा नसतो, साठवणुकीचा असतो.

धान्याचा दाणा सजीव असतो. भोवतालची हवा दमट असेल तर तो ओलावा शोषतो, कोरडी असेल तर सोडतो. घरगुती साठवणुकीसाठी गहू-ज्वारीतील ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास असावा. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली, तर उघडे धान्य ही मर्यादा ओलांडते आणि बुरशीला वाव मिळतो. कोकण किनारपट्टीवर पावसाळ्यात आर्द्रता अनेकदा याहून बरीच अधिक असते. किडीची भर पडली तर संकट दुणावते. सोंडे आणि त्यांच्या अळ्या श्वसनातून उष्णता व बाष्प बाहेर टाकतात. त्यामुळे डब्याचा एखादा कोपरा गरम होतो आणि ओल पसरत जाते.

मोड आणून वाळवलेल्या धान्याबाबत अधिक दक्षता हवी. मद्यनिर्मितीसाठी तयार केलेल्या बार्लीच्या माल्टमध्ये जेमतेम चार-पाच टक्के ओलावा उरतो. म्हणूनच ते उघडे राहिल्यास झपाट्याने सर्द होते. घरच्या नाचणी सत्त्वाचेही तेच. अशा वस्तू लहान बरण्यांत विभागून ठेवाव्यात, म्हणजे सारा साठा वारंवार उघडावा लागत नाही.

बुरशीचा प्रश्न केवळ चवीचा नाही. ॲस्परजिलस जातीच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात. ते यकृतावर आघात करते आणि कर्करोगालाही कारणीभूत ठरते. १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातच्या सीमेलगतच्या ग्रामीण भागात, अवकाळी पावसात भिजलेला मका खाल्ल्याने काविळीची साथ पसरली. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. धुतल्याने, उन्हात घातल्याने किंवा शिजवल्याने हे विष पुरते नष्ट होत नाही. त्यामुळे बुरशी धरलेले धान्य टाकून देणे हाच उपाय. ते गुराढोरांना किंवा पक्ष्यांनाही घालू नये.

पूर्वजांना हे शास्त्र अनुभवातून उमगले होते. देशावरच्या कोरड्या मुलखात ज्वारी जमिनीखालच्या पेवात ठेवत. तोंड बंद केले, की आतील प्राणवायू कमी होऊन कीड गुदमरे. उघडल्याबरोबर पेवात उतरणे माणसाच्याही जिवावर बेतत असे. आजचा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा याच तत्त्वावर चालतो. पण त्यात भरलेले धान्य आधी कोरडे हवे. ओले धान्य हवाबंद केले, तर ओलच आत कोंडली जाते.

धान्य कोरडे आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. काचेच्या कोरड्या बरणीत ओंजळभर धान्य आणि दोन-तीन चमचे कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवावे. पंधरा मिनिटांनी मीठ काचेला चिकटलेले दिसले, तर ओलावा १५ टक्क्यांहून अधिक आहे, असे समजावे.

वाळवलेले धान्य गरम असताना भरू नये. ते गार होताना झाकणाच्या आतून बाष्प जमते आणि वरचा थर भिजतो. डबा ओल आलेल्या भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी पाटावर ठेवावा. गोणपाट ओल शोषते, म्हणून पोते थेट फरशीवर टेकवू नये. कडुनिंबाचा वाळलेला पाला किडीला काही अंशी अटकाव करतो; मात्र हिरवा पाला स्वतःबरोबर ओल घेऊन येतो. थोडे धान्य चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेवल्यासही कीड मरते. बाहेर काढल्यावर ते घरातील तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये.

धुरीच्या विषारी गोळ्या घरात कदापि वापरू नयेत. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून दमट हवेत फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो प्राणघातक ठरतो. हे काम परवानाधारकांचे आहे.

घर फारच ओलसर असेल, तर वर्षाचा साठा करण्याचा आग्रह सोडणे श्रेयस्कर. पावसाळ्याचे चार महिने दर महिन्याला लागेल तेवढेच धान्य आणले, तर स्वस्त भावाचा मोह आवरावा लागेल. पण ताटातली भाकरी निर्धोक राहील.