मेघारण्याची हद्द

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या लहानशा प्रजासत्ताकाने १९४८च्या डिसेंबरात आपले खडे सैन्य विसर्जित केले, आणि लष्करभरतीच्या यादीत नाव नोंदवणे ज्यांच्या अहिंसाधर्माला मानवले नाही म्हणून १९४९ साली ज्यांच्यापैकी चौघांना तुरुंगवास घडला, त्या अलाबामातील क्वेकरपंथीयांची दृष्टी या निःशस्त्र देशाकडे वळली. १९५१ साली त्यांच्यातील काही कुटुंबांनी तिलारान पर्वताच्या माथ्यालगत सुमारे १,४०० हेक्टर जमीन खरीदली, गुरे पाळली, चीजचा कारखाना काढला; परंतु ओढ्यांच्या उगमाकडील जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांनी केवळ पाण्याच्या काळजीने कुऱ्हाडीपासून राखून ठेवला. पुढे १९७२ साली, पक्ष्यांच्या अभ्यासासाठी आलेले जॉर्ज पॉवेल आणि तुरुंगवास भोगलेल्या चौघांपैकी एक विल्फर्ड गिंडन यांच्या खटपटीतून याच माथ्यावर माँतेव्हेर्दे हे संरक्षित मेघारण्य स्थापन झाले. आज त्याचा विस्तार ४,००० हेक्टरांहून अधिक आहे.

कॅरिबियन समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त व्यापारी वारे या पर्वताला थडकून वर चढतात, थंडावतात, आणि त्यांचे झालेले ढग आकाशात न थांबता वृक्षांच्या शेंड्यांमधूनच वाहत जातात. पाऊस उघडला तरी पाने आणि शेवाळ वाहत्या ढगातील सूक्ष्म तुषार टिपून घेतात व ते थेंबाथेंबाने खाली ठिबकत राहतात. कोरड्या महिन्यांत अरण्याची भिस्त बव्हंशी याच पाण्यावर असते. येथे येणाऱ्या प्रवाशाने एखादी आडवी फांदी जवळून न्याहाळावी: वर ओल्या शेवाळाचा जाड थर, त्याखाली कुजलेल्या पानांची काळी माती, तीत रुजलेले नेचे, आमरी आणि अननसाच्या कुळातील ब्रोमेलिया, व त्यांच्या पानांच्या बेचक्यांत साठलेल्या पाण्यात वळवळणाऱ्या कीटकांच्या अळ्या. पित्याकडून भारतीय असलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णी यांनी दोरांच्या आधारे अशा शेंड्यांवर चढून अनेक वर्षे अभ्यास केला. वर्षावनांतील काही वृक्ष आपल्याच फांद्यांना मुळे फोडून या अधांतरी मातीतून पोषण घेतात, हे त्यांनी १९८१ साली विद्वज्जनांसमोर मांडले.

या अरण्याचे भूषण म्हणजे क्वेत्झाल पक्षी. पाचूसारखी हिरवी पाठ, किरमिजी उदर आणि देहाहूनही लांब पिसांचा झुलता पुच्छसंभार असा हा नर दालचिनीच्या कुळातील वृक्षांची, रानटी अव्होकाडोची, फळे अखंड गिळतो, आणि गर पचल्यावर त्यांच्या आठोळ्या दूर कोठेतरी तोंडावाटे टाकून देतो. त्यामुळे वृक्षाला पक्ष्याची जितकी गरज, तितकीच पक्ष्यालाही वृक्षाची. पॉवेल यांनी पुढे या पक्ष्यांना लघु प्रक्षेपक बांधून त्यांचा माग काढला, तेव्हा विणीचा हंगाम आटोपताच ते फळांच्या शोधात आधी पश्चिमेकडील आणि मग पूर्वेकडील खालच्या उतारांवर जातात, म्हणजेच वर्षाचा मोठा काळ संरक्षित क्षेत्राच्या हद्दीबाहेर काढतात, असे आढळून आले.

पक्षी निदान उडून जाऊ शकतो. सोनेरी भेकाला ती सोय नव्हती. केवळ या डोंगरमाथ्यावर राहणाऱ्या या जातीचे झगझगीत नारिंगी नर पावसाळ्याच्या तोंडाशी, मोजके दिवसच, वृक्षमुळांतील डबक्यांभोवती गोळा होत. १९८७ साली असे १,५००हून अधिक भेक दृष्टीस पडले. १९८९ साली एकच नर दिसला, आणि त्यानंतर एकही नाही. त्याची हद्दीतील जमीन शाबूत होती, एकही झाड तुटले नव्हते. कायट्रिड बुरशीचा संसर्ग, १९८६-८७च्या एल निनोचे अवर्षण आणि तापत्या हवेमुळे वर सरकणारा ढगांचा थर यांपैकी कोणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अद्यापि मतभेद आहेत. परंतु यांतील एकही कारण सरहद्दीच्या खांबाशी अडणारे नव्हते, हे निर्विवाद आहे. शिवाय पर्वताच्या पूर्वेस पसरलेल्या सखल प्रदेशातील वने तुटल्याने माथ्यावरील ढगांच्या निर्मितीवर परिणाम होतो, असा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून निघाला.

मोजणीदार आधी हद्द आखतो आणि तिच्या आत जे सापडेल त्याच्या रक्षणाचा बंदोबस्त होतो. निसर्गरक्षणात हा क्रम उलटा हवा. ज्या जीवाला राखावयाचे त्याचे वर्षभराचे भ्रमण आणि ज्या पाण्यावर तो जगतो त्याचा प्रवास आधी जाणून घ्यावा, आणि मग कायद्याची रेघ ओढावी. १९८७ साली स्वीडनमधील एका शाळेतील मुलांनी पैसे जमवून येथील वन विकत घेण्याचा जो आरंभ केला, त्यातून नाना देशांतील बालकांच्या वर्गणीने माँतेव्हेर्देला लागून २२,००० हेक्टरांहून मोठे ‘बालकांचे शाश्वत अरण्य’ उभे राहिले, आणि खालच्या उतारांवरील विस्तीर्ण रानाला संरक्षण लाभले. पैशाने जमीन अशी घेता येते. मेघाचे खरेदीखत मात्र कोणत्याही कचेरीत होत नाही. त्यासाठी सखल प्रदेशातील राने राखणे आणि हवा तापवणारा धूर आवरणे याला पर्याय नाही, आणि या कर्तव्यातून कोणताही देश मुक्त नाही, आपलाही नाही.