दर श्रावणात दुकान विकावंसं वाटतं? आधी काउंटरवरचा उजेड मोजा

मागच्या व्हिडिओखाली एका ताईंनी विचारलं होतं, "सर, पावसाळ्यात धंद्यातून मनच उडतं, काय करू?" व्हिडिओत घाईत उत्तर दिलं, ते अर्धवट होतं. आज नीट लिहितो, कारण हे माझ्यासोबतही झालंय.

माझं दुकान नात्याला, महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. ६ जूनच्या राज्याभिषेक दिनाला गाड्यांची रांग संपत नाही. मग पाऊस लागतो, गिऱ्हाईक लावणीला शेतात जातं, आणि आपण ताडपत्री खाली सोडून आत बसतो. वीजबिल वाचवायला एकच ट्यूब चालू. एका ऑगस्टमध्ये मी दुकान द्यायचं ठरवलंच होतं. बोलणी झाली, फक्त टोकन घ्यायचं बाकी होतं. सकाळी उठवत नव्हतं, गिऱ्हाइकावर खेकसत होतो. बायको म्हणाली, "अहो, गेल्या वर्षी पण याच दिवसांत हेच बोलत होतात."

मी वह्या काढल्या. चार वर्षांच्या. जुलै-ऑगस्टला गल्ला दरवर्षी साधारण तेवढाच खाली येतो आणि गणपतीत परत वर चढतो. म्हणजे धंदा नेहमीसारखाच चालला होता, खचलो होतो मी. टोकन घेतलं नाही.

आता यातलं शास्त्र. नॉर्मन रोझेन्थल नावाचे डॉक्टर दक्षिण आफ्रिकेतून न्यूयॉर्कला गेले. तिथल्या हिवाळ्यात आपली ताकदच जाते हे त्यांना जाणवलं. १९८४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ऋतूप्रमाणे येणाऱ्या नैराश्याचं पहिलं सविस्तर वर्णन छापलं. जास्त झोप, गोड आणि भात-पोळी जास्त खावंसं वाटणं, माणसं नकोशी होणं, ही त्याची लक्षणं.

पण त्याच थंडीत शेजारचा माणूस ठणठणीत कसा? इथे डोळा येतो. बघण्यासाठी डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात हे आपण शाळेत शिकलो. २००२ मध्ये तिसऱ्या प्रकारच्या पेशीही स्वतः उजेड ओळखतात हे सिद्ध झालं. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं द्रव्य असतं आणि निळसर उजेडाला त्या जास्त जागतात. त्यांचं मुख्य काम वस्तू दाखवण्याचं नाही. "सकाळ झाली" हा निरोप त्या मेंदूतल्या घड्याळाला देतात. म्हणूनच दृष्टी गेलेल्या काही माणसांचंही हे घड्याळ उजेडावर चालतं.

२०१३ मध्ये कॅथरिन रोक्लाइन यांच्या गटाने एक छान प्रयोग छापला. डोळ्यावर निळा प्रकाश टाकून बंद केला की बाहुली थोडा वेळ आकसलेली राहते. हिवाळी नैराश्य असलेल्यांमध्ये ती तेवढी आकसलेली राहत नव्हती. म्हणजे त्यांच्या डोळ्याकडून मेंदूला जाणारा निरोपच मंद. उजेड भरपूर असेल तर हे चालून जातं. उजेड कमी झाला की असा माणूस आधी खचतो. हे सगळ्यांचं एकमेव कारण नाही, पण "मी आळशी झालोय" यापेक्षा नक्कीच बरं उत्तर आहे.

आता तुम्ही म्हणाल, सर, आपल्याकडे कुठे आलाय तो हिवाळा! बरोबर. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांपेक्षाही छोटा होतो, आपला अकरा तासांचा राहतो. त्यामुळे मला तोच आजार होता असा माझा दावा नाही. शिवाय २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली गेलं, तळियेला दरड कोसळली. त्यानंतर आमच्या भागात पावसाची धास्ती हा वेगळाच विषय आहे, तो दिवा लावून जात नाही.

तरी मी मोबाईलवर उजेड मोजणारं ॲप टाकलं. (अंदाजे आकडा देतं, पण फरक कळतो.) काउंटरवर ९० लक्स. बाहेर ढगाळ पावसात, छत्रीबाहेर हात काढून, ४ हजारांच्या वर! परदेशात उपचाराला १० हजार लक्सचा दिवा सकाळी अर्धा तास वापरतात. तो सूर्याकडे बघण्यासारखा नसतो, समोर ठेवून आपलं काम करायचं. पण डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल किंवा मूड कधी एकदम चढतो-कधी पडतो असं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा दिवा घेऊ नका.

मी दिवा घेतला नाही. काउंटर दाराशी आणला, ताडपत्रीच्या जागी पारदर्शक पत्रा टाकला, आणि सकाळी शटर उघडायच्या आधी छत्री घेऊन अर्धा तास रस्त्यावर चालतो. दुकानाबद्दलचा कुठलाही मोठा निर्णय जुलै-ऑगस्टमध्ये घ्यायचा नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

दोन आठवडे झाले तरी मन उठत नसेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर ॲप-बिप सोडा. १४४१६ वर फोन करा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत, मराठीतही बोलतात.

आणि ताई, तुमच्या काउंटरवर किती लक्स भरले ते कमेंटमध्ये टाका.