कंसातला दुसरा आकडा

इंग्रजी विकिपीडियावर यवतमाळ जिल्ह्याचा लेख उघडा. माहितीच्या चौकटीत क्षेत्रफळ दिसतं: १३,५८२ चौरस किलोमीटर, आणि लगेच कंसात ५,२४४ चौरस मैल. पहिला आकडा कुणीतरी सरकारी नोंद पाहून तिथे लिहिला. दुसरा कुणीच लिहिलेला नाही. पान तयार होत असतानाच तो हिशेबाने निघाला. पहिला आकडा उद्या कुणी दुरुस्त केला, तर कंसातलाही त्याच क्षणी बदलेल.

हे काम करणाऱ्या साच्याचं (टेम्प्लेटचं) नाव ‘कन्व्हर्ट’. संपादक त्याला फक्त आकडा आणि एकक सांगतो. एक मैल म्हणजे नेमके १,६०९.३४४ मीटर. म्हणजे एक चौरस मैल २.५८९९८८ चौरस किलोमीटरचा, आणि त्याने १३,५८२ ला भागलं की ५,२४४.०४ येतात. इथपर्यंतचं काम शाळकरी मुलगाही करील. खरी कमाल पुढे आहे. ते .०४ साच्याने गाळलं कसं? हा निर्णय कुणी घेतला?

समजा, जुन्या कागदात एक गाव ‘सुमारे १० मैलांवर’ आहे. गुणाकार केला तर १६.०९३४४ किलोमीटर येतात. हा आकडा जसाच्या तसा छापला, तर आपण ते अंतर सेंटिमीटरपर्यंत मोजल्याचा दावा करून बसतो. ज्याने दहा मैल लिहिलं, त्याने बैलगाडीच्या रस्त्याचा अदमास सांगितला होता. म्हणून साचा आधी मूळ आकड्याकडे पाहतो. त्यात किती अंक अर्थपूर्ण आहेत, शेवटी शून्यं किती, दशांश आहे का, हे तपासून तो उत्तर तेवढ्याच खात्रीचं ठेवतो. दहा मैलांचे सोळा किलोमीटर होतात. यवतमाळ शहराची उंची ४४५ मीटर, तिचे १,४५९.९७ फूट न दाखवता तो १,४६० दाखवतो. आकडा किती मोठा आहे याइतकंच तो किती खात्रीचा आहे हेही जपावं लागतं, ही समज काही ओळींच्या आज्ञावलीत उतरवलेली पाहिली की मला त्या अनामिक स्वयंसेवकांना हात जोडावेसे वाटतात.

तपमानात तर आणखी गंमत आहे. यवतमाळचा उन्हाळा ४५ अंश सेल्सिअस म्हणजे ११३ अंश फॅरनहाइट. पण ‘तपमान २ अंशांनी वाढलं’ या वाक्यातले २ अंश सेल्सिअस म्हणजे ३.६ अंश फॅरनहाइट. नेहमीचं सूत्र लावलं तर ३५.६ येतील आणि वाचक हबकून जाईल. तपमान आणि तपमानातला फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून साच्यात फरकासाठी वेगळं एककच ठेवलेलं आहे.

आता प्रश्न येतो मानाचा: आधी कोणतं एकक लिहायचं? इंग्रजी विकिपीडियाचा सर्वसाधारण नियम असा की अमेरिकेविषयीच्या लेखांत फूट-मैल आधी, ब्रिटनविषयी काही ठिकाणी मैल आधी, बाकी जगासाठी मेट्रिक आधी. भारत अर्थातच मेट्रिकमध्ये. १९५६ च्या कायद्यानंतर १ ऑक्टोबर १९५८ पासून आपल्याकडे टप्प्याटप्प्याने किलो आणि मीटर आले. पण या नियमाला अडवणारी एक वस्तू यवतमाळातच आहे. ती म्हणजे शकुंतला रेल्वे.

यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे किलिक-निक्सन कंपनीच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडातला कापूस मुंबईकडे नेण्यासाठी झाली. तिच्या दोन रुळांमधलं अंतर २ फूट ६ इंच. मिलिमीटरमध्ये ७६२, आणि हे अगदी नेमकं आहे, कारण इंच २५.४ मिलिमीटरचा आणि इथे इंच तीस. तरीही ‘७६२’ हा आकडा आधी लिहिला तर वाचकाला प्रश्न पडेल, असा विचित्र आकडा कुणी आणि का निवडला? निवडले होते अडीच फूट. म्हणून रेल्वेच्या लेखांसाठी वेगळा साचा आहे, आणि ज्या मापात रूळ आखले गेले ते माप तिथे आधी ठेवता येतं.

शेजारच्याच अकोल्याहून वाशीम, हिंगोलीमार्गे पूर्णेला जाणारी गाडी अनेक दशकं मीटर गेजवर धावत होती. रुळांमधलं अंतर बरोबर १,००० मिलिमीटर. इंग्रजांच्या राज्यात मीटर आला कुठून? १८७० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या सरकारला वाटत होतं की हिंदुस्थान लवकरच मेट्रिक मापं स्वीकारील. म्हणून ३ फूट ३ इंचांचा आधीचा प्रस्ताव किंचित ताणून मीटरवर नेला गेला. १८७२ मध्ये अंदमानात मेयोंची हत्या झाली. देशात मेट्रिक मापं यायला पुढे शतकाच्या आसपास काळ लागला, पण रूळ मात्र मीटरचे होऊन बसले. मूर्तिजापूरला ५ फूट ६ इंचांची मोठी लाइन, तिथून निघणारी अडीच फुटांची शकुंतला आणि अकोल्याला मीटर. एवढ्याशा वऱ्हाडात तीन रुंदींचे रूळ होते, आणि प्रत्येकाचा मूळ आकडा आपापल्या मापात गोल.

यंत्राची मती जिथे संपते ती जागा म्हणजे आपला कापूस. शेतकरी कापूस विकतो क्विंटलवर, व्यापारी रुईचा भाव बोलतो खंडीवर, आणि देशाचं उत्पादन छापलं जातं गाठींमध्ये. कापसाची मुंबई खंडी ७८४ पौंडांची, म्हणून आजही खंडी ३५६ किलोची. जुनी भारतीय गाठ तिच्या बरोबर निम्मी, ३९२ पौंड म्हणजे सुमारे १७८ किलो. आजची गाठ १७० किलोची. अमेरिकी आकडेवारीतली गाठ ४८० पौंडांची, म्हणजे जवळजवळ २१८ किलो. तेव्हा ‘एक लाख गाठी’ म्हणजे नक्की किती? भारतीय हिशेबाने १७,००० टन, अमेरिकी हिशेबाने पावणेबावीस हजार टन. आकडा तोच, नावही तेच. कुणाची गाठ आणि कोणत्या काळातली, हे साच्याला कळणार नाही. ते मूळ कागद वाचणाऱ्या माणसालाच ठरवावं लागतं.

जमिनीत उलटा धोका आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, एकराचा चाळिसावा भाग, १०१.१७ चौरस मीटर. सातबारावरचा आर म्हणजे १०० चौरस मीटर. इतके जवळ की बोलण्यात एकाच्या जागी दुसरा सहज खपतो. एका गुंठ्यात फरक सव्वा चौरस मीटरही नाही. पण दहा एकरांत तो जवळजवळ पावणेपाच आरांवर जातो, आणि बांधावरच्या भांडणाला तेवढी जमीन पुष्कळ झाली.

आणि कधी कधी रूपांतर चोख असूनही तुलना चुकते. १९०५ पर्यंत यवतमाळ हा ‘वणी’ जिल्हा होता. त्या सुमारास वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद तालुका इकडे आला. त्याआधीच्या कागदातलं क्षेत्रफळ चौरस मैलांतून चौरस किलोमीटरमध्ये बिनचूक आणलं, तरी ते आजच्या १३,५८२ शी जुळायचं नाही. एकक बदललं तसा जिल्हाही बदलला होता. म्हणून चांगला संपादक आकड्याला साल चिकटवतो, आणि मूळ माप कधीच पुसत नाही. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतला हाच सर्वांत मोलाचा नियम आहे: दुसरं माप शेजारी ठेवा, पहिलं राहू द्या.

मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, आणि तिथे कुणालाही लिहिता येतं. आपल्या गावाचं तळं, देऊळ, बाजार, शिवार यांची मापं जुन्या दप्तरात फूट, कोस, मण, खंडीत पडून असतील. ती तिथे लिहा. पण हातातल्या कॅल्क्युलेटरवर किलो-मीटर करून नुसतं उत्तर लिहू नका. कागदावर जे माप आहे ते, ज्या सालचं आहे ते साल, आणि खंडी असेल तर ती कापसाची की धान्याची, एवढं आवर्जून लिहा. कंसातला आकडा साचा काढील.