परळीचा दिवा कशावर जळतो?

दिवाळी म्हटली की प्रथम आठवते ती पणती. पणतीचा हिशेब सरळ असतो. तेल किती संपले हे बुधल्यात दिसते आणि काजळी कोठे धरली हे कोनाड्यात दिसते. विजेच्या दिव्याचे तसे नाही. बटण दाबले की उजेड पडतो. त्याचे तेल कोठून आले आणि काजळी कोणाच्या कोनाड्यात बसली, हे दाबणाऱ्याला कळत नाही. आम्हा बीड जिल्ह्यातील लोकांना मात्र ते न कळून चालत नाही; कारण या उजेडाची एक मोठी चूल आमच्याच अंगणात, परळी वैजनाथला मांडलेली आहे.

परळी पूर्वी ओळखली जाई ती ज्योतिर्लिंगामुळे. १९७१ साली तेथे ३० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले आणि वैजनाथाच्या कळसाबरोबर चिमणीही लांबून दिसू लागली. १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच आले. पुढे २००७, २०१० आणि २०१६ साली २५० मेगावॅटचा एकेक. जुने संच आता निवृत्त झाले असून २५० मेगावॅटचे तीन तेवढे उरले आहेत.

आता ही वीज तयार कशी होते ते पाहू. वीज हा काही माझ्या अध्यापनाचा विषय नव्हे. परंतु गोष्ट वाटते तितकी अवघड नाही. तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक फिरवला की तारेत वीज खेळू लागते, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवले. तेव्हा सारा प्रश्न चुंबक फिरवायचा कोणी, एवढाच उरतो. कोयनेला ते काम कोसळते पाणी करते; परळीला वाफ करते. दगडी कोळशाची पिठासारखी भुकटी करून ती बॉयलरमध्ये जाळतात. नळ्यांतील पाण्याची वाफ होते, ती चक्राच्या पात्यांवर आदळते आणि चक्र मिनिटाला तीन हजार फेरे घेते. काम झालेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करतात व तेच पाणी पुन्हा बॉयलरमध्ये जाते.

मग नदीचे पाणी लागते कशाला? ते लागते वाफ थंड करायला. कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश भागाची वीज होते. उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा या थंड करणाऱ्या पाण्यात उतरतो. ते तापलेले पाणी पुन्हा निवावे म्हणून रुंद बुडाचे, कमरेत बारीक असे प्रचंड मनोरे उभारलेले असतात. त्यांतून पांढरे लोट निघतात तो धूर नव्हे. ती आकाशात उडून जाणारी गोदावरी आहे!

हा हिशेब आकड्यांत मांडला म्हणजे डोळे उघडतात. जुन्या औष्णिक केंद्रांनी एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा अधिक पाणी वापरू नये, असा नियम केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये केला. हीच मर्यादा धरली आणि परळीचे तिन्ही संच दिवसभर पूर्ण ताकदीने चालले असे मानले, तर १ कोटी ८० लाख युनिटे वीज होईल आणि त्यासाठी ६ कोटी ३० लाख लिटर पाणी लागेल. खेड्यातल्या माणसाला रोजचे ५५ लिटर पाणी मिळावे असे जलजीवन योजनेचे माप आहे. त्या मापाने हे पाणी साडेअकरा लाख माणसांचे झाले. २०११ च्या जनगणनेत सबंध बीड जिल्हा २५ लाख ८५ हजारांचा होता!

पाऊस बरा असतो तेव्हा ही तुलना कोणी करीत नाही. दुष्काळ ती करायला लावतो. २०१२ चा पावसाळा कोरडा गेला, गोदावरीवरील खडका बंधारा आटला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे सारे संच बंद पडले. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तेच. पुढच्याच उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. कोळसा बाहेरून येतो, तसे पाणीही बाहेरून येऊ लागले! केंद्र थांबले की कंत्राटी मजुराची रोजी थांबते, हमालाची थांबते, चहाच्या टपरीचीही थांबते. म्हणून ‘बंद करा’ म्हणणे सोपे नाही आणि ‘पाणी द्या’ म्हणणेही सोपे नाही.

पाण्यानंतर राखेची गोष्ट. आपल्या देशातील कोळशात शंभर भागांत सुमारे तीस ते चाळीस भाग राख असते. आपल्या भाषेत ‘राख’ या शब्दाला दोन अर्थ आहेत: एक जळून उरलेली, आणि दुसरा, ‘सांभाळ’ अशी आज्ञा. परळीला दोन्ही एकदम लागू पडतात. राख सांभाळली, ओली ठेवली, झाकून नेली, तर तिच्या विटा होतात, सिमेंटमध्ये ती मिसळते, रस्त्याच्या भरावात जाते. नाही सांभाळली तर वाऱ्याबरोबर उडते, पिकाच्या पानावर बसते आणि माणसाच्या छातीत जाते. चिमणीतून जाणारा कर्बवायू तर दिसतही नाही. कोळशाच्या एका युनिटमागे तो किलोभराच्या आसपास असतो. अमुक एक दुष्काळ त्यानेच पाडला असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु तो साठत जातो तशी पृथ्वी तापते व पावसाचा भरवसा कमी होतो, हे शास्त्रज्ञ निःसंशय सांगतात. म्हणजे जे केंद्र पाण्यावाचून अडते, त्याचाच धूर पाण्याचा भरवसा घालवण्यास हातभार लावतो.

मग दुसरी वाट कोणती? कोयनेच्या विजेला राख नाही. पण शिवसागराखाली गावे गेली. आमच्या बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरतात; त्यांना पाणी लागत नाही, पण वारा पडला की त्या उभ्या राहतात. सूर्याचे ऊन आम्हाला उदंड. पण दिवा लावायच्या वेळी तो मावळतो, आणि त्याच्या तावदानांना जमीन लागते. फुकटची वीज कोठेच नाही. तथापि कोणती किंमत आपल्याला झेपेल, हे प्रदेश पाहून ठरवावे लागते. जेथे पाणी नाही आणि ऊन आहे, तेथे उन्हाचा व वाऱ्याचा वाटा वाढवणे आणि कोळशाला नदीऐवजी सांडपाण्यावर ठेवणे, हेच शहाणपण. नागपूरजवळच्या कोराडी केंद्राला त्या शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी दिले जाते. म्हणजे ही काही हवेतील कल्पना नव्हे.

विजेच्या बिलावर युनिटे असतात, रुपये असतात. त्याच कागदावर लिटर पाणी आणि किलो राख अशी आणखी दोन घरे छापली, तर पुण्या-मुंबईच्या वाचकाला परळी कोठे आहे हे नकाशा न पाहता कळेल. अंगणातला विजेचा आकाशकंदील जरूर लावावा. उजेडाशी कोणाचे भांडण आहे? फक्त मागच्या खोलीत कोणी नसताना जळत राहिलेला दिवा आधी मालवावा. त्याचे साडेतीन लिटर येथे कोणाच्या तरी घागरीत उरतील.