आईच्या खोलीचा उन्हाळा

मागील वर्षी मे महिन्यातील एका दुपारी, चारच्या सुमारास, आमच्या आईला तिच्या खोलीत भोवळ आली. वय ८४. धाकट्या भावाची पत्नी ताक घेऊन वर गेली, म्हणून वेळीच कळले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, उष्म्याने शरीरातील पाणी कमी झाले आहे. घाबरण्याचे कारण नाही, पण दुर्लक्षही नको. निघताना त्यांनी पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "आजींना औषधापेक्षा खोली बदलून द्या."

आमचे घर जळगावच्या जुन्या बाजारपेठेत. खाली दुकान, मधल्या मजल्यावर दोघा भावांचे संसार आणि सर्वांत वर, रस्त्याच्या बाजूला, आईची पश्चिमाभिमुख खोली. डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. खाली राहायला ये, असा आग्रह आम्ही पुष्कळ केला. आईने मानला नाही. त्या खिडकीतून दुकानाची पायरी दिसते. वडील होते तेव्हा संध्याकाळी दुकान वाढवताना वर पाहून हात करीत. वडील गेले, दुकान भावाकडे आले, आता पुतण्या बसतो. पण संध्याकाळी खिडकीशी बसण्याचा तिचा नेम मोडलेला नाही. वातानुकूलन यंत्रालाही तिचा नकार, कारण गार झोताने गुडघे धरतात. "खोली बदलायची ना? मग मला कशाला हलवता? खोलीच बदला," असे तिने आम्हाला सुनावले.

तेव्हा खोलीला उन्हाळ्याचा नवा वेष द्यायचा, असे ठरले. ते काम मी अंगावर घेतले आणि पहिली चूकही माझ्याच हातून घडली.

खरेदीचा धडा

बँकेत असताना कर्जाचा अर्ज आला की पहिला प्रश्न आम्ही विचारत असू : पैसा नेमका कशासाठी हवा? स्वतः खरेदीला निघालो तेव्हा मात्र हा प्रश्न मला सुचला नाही. एका मोठ्या दुकानातून गडद वांगी रंगाचे जाड पडदे आणले, फोमची नवी गादी आणली, चकचकीत कापडाच्या उशा आणि कृत्रिम वेलींचे तोरणही आणले. खोली छायाचित्रात शोभावी अशी झाली. आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे, आता भिंतीबरोबर पडदाही तापतो."

ते अक्षरशः खरे होते. ऊन काचेतून एकदा आत आले की ती उष्णता घरात आलीच. आतला गडद पडदा उजेड अडवतो, परंतु ऊन शोषून स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. फोमच्या गादीतून वारा खेळत नाही. अंगाखालचा घाम व ऊब तेथेच कोंडून राहते. म्हणजे शोभेच्या नावाखाली मी आईच्या खोलीत उष्णतेची भर घातली होती. ती सारी खरेदी मी बुडीत खात्यात टाकली आणि यंदा फाल्गुन संपण्यापूर्वीच नव्याने हिशेब मांडला.

ऊन येते कोठून?

आपल्याकडे मे महिन्यात सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर असतो. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला मेच्या आरंभी आणि आमच्या खानदेशात मेच्या अखेरच्या आठवड्यात असा एक दिवस येतो की, दुपारी उभ्या काठीची सावली पडत नाही. याचा अर्थ असा की, या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन फारसे आत येत नाही. खरा मारा होतो तो गच्चीवर, आणि सकाळी पूर्वेच्या व दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री उशिरापर्यंत ती खाली सोडत राहतो. वरच्या मजल्यावर रात्री दहालाही पंख्याखाली गरम वारा का लागतो, याचे उत्तर येथे आहे. म्हणून खोलीची उन्हाळी सजावट खोलीत सुरू होत नाही. ती गच्चीवर सुरू होते.

आम्ही गच्ची खरवडून, धुऊन, ओली असतानाच तिच्यावर चुन्याचे दोन हात दिले. काम सकाळी दहाच्या आत आटोपत असू, कारण ते करणारी माणसेही माणसेच आहेत. चुना धरून राहावा म्हणून जुन्या काळी त्यात सरस घालीत. सरस प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून होतो, हे ठाऊक असल्याने आम्ही डिंकाचे पाणी वापरले. पावसाळ्यात चुना धुऊन जातो व दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. ऊन परतवणारे तयार रंग अधिक टिकतात, पण महाग पडतात. ही कल्पना काही केवळ घरगुती नव्हे. मे २०१० मधील भीषण उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा कृती आराखडा तयार केला. पुढे तेथे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याची मोहीमही हाती घेण्यात आली.

दुसरे काम पश्चिमेच्या खिडकीचे. तिला बाहेरच्या बाजूने बांबूचा चिकाचा पडदा लावला. ऊन काचेला भिडण्यापूर्वीच अडवायचे, हे यातील मर्म. चिक आत लावला तर त्याचा निम्माही उपयोग होत नाही. वाऱ्याने आपटू नये म्हणून खालच्या दोन्ही टोकांना दोरी बांधली.

आधी काढावे, मग लावावे

यानंतर खोलीत शिरलो. माझ्या पत्नीने आणि वहिनींनी पहिले दोन दिवस केवळ वस्तू बाहेर काढल्या. भिंतीलगतचा गालिचा झटकून, उन्हात घालून, कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासह गुंडाळून ठेवला. दुलया, जाड सोलापुरी चादरी आणि वांगी पडदे पेटीत गेले. खिडकीपुढचे लाकडी कपाट उत्तरेच्या भिंतीला सरकवले, तेव्हा लक्षात आले की कित्येक वर्षे त्याच कपाटाने वारा अडवला होता. पलंग पश्चिमेच्या भिंतीपासून दीड हात दूर घेतला. गालिचा निघाल्यावर शहाबादी फरशी मोकळी झाली. पायांना तिचा गारवा लागला, तेव्हा आईच्या चेहऱ्यावर पहिले समाधान दिसले.

मग लावण्याची वेळ आली. फोमच्या जागी पिंजून घेतलेल्या कापसाची जुनी गादी, तिच्यावर धुतलेल्या मांजरपाटाची चादर. उशांना पांढरे सुती अभ्रे. खिडकीला आतून फिकट निळ्या काठाचे मलमलीचे पडदे. ते वारा येऊ देतात आणि उजेड सौम्य करतात. बैठकीला गादी-तक्क्या तसाच ठेवला, फक्त रेक्झिनची खोळ काढून खादीची घातली. भिंतीवरची दाटी कमी करून वडिलांचे एकच छायाचित्र ठेवले. भिंतीला फिकट रंग दिला खरा, पण येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, आतील भिंतीच्या रंगाने तापमान फारसे उतरत नाही. उजेड वाढतो, दिवा उशिरा लावला तरी चालतो आणि मनाला बरे वाटते. जुने पिवळे बल्ब मात्र काढलेच. ते वीज खातात आणि तिचा मोठा भाग उष्णता म्हणून खोलीत टाकतात.

एक बारकावा आमच्या घरांपुरता. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे, म्हणून आपल्या चुली पाचच्या आतच पेटतात. नेमकी तीच वेळ पश्चिमेची भिंत सर्वांत तापलेली असण्याची. मधल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची धग जिन्यातून थेट आईच्या खोलीत चढत होती आणि ते आमच्या ध्यानातच आले नव्हते. स्वयंपाकघराला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला आणि ती वाट बंद झाली.

पाणी, वाळा आणि कूलर

आमच्याकडचा उन्हाळा कोरडा. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडून जाते आणि उडताना भोवतालची उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने. वाळ्याच्या तट्टीवर पाणी शिंपडून खोली गार करण्याची जुनी रीतही हीच. कूलर म्हणजे त्या तट्टीला जोडलेला पंखा. मात्र मागील वर्षी आम्ही तो बंद खोलीत ठेवला होता. तासाभरात हवा दमट होई आणि आईला कोंडल्यासारखे वाटे. यंदा तो उत्तरेच्या खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसवला, म्हणजे बाहेरची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून आत येते. समोरचे दार किलकिले ठेवले, म्हणजे आतली हवा बाहेर पडते. झोत थेट अंगावर न घेता भिंतीकडे वळवला, त्यामुळे गुडघ्यांची तक्रार उरली नाही.

मुंबई, कोकण किंवा गोव्यातील वाचकांनी याची नक्कल करू नये. तेथील हवा आधीच दमट. कूलरने चिकचिक तेवढी वाढते. तेथे समोरासमोरच्या खिडक्या, पंखा आणि बाहेरची सावली यांवरच भर द्यावा.

कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. पाणी साचूच दिले नाही, तर पुढे फवारा मारण्याची वेळ येत नाही. जयणा म्हणतात ती हीच.

यंत्राशी वैर नाही

वातानुकूलन यंत्र वाईट, असे माझे म्हणणे नाही. पारा फार चढतो तेव्हा केवळ पंखा पुरत नाही. तो हवा गार करीत नाही, तापलेली हवाच अंगावर फिरवतो. ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनी ते २४ अंशांवर ठेवावे; जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे सुरू होताना त्याच अंकावर यावीत, असा नियम आहे. गच्ची व खिडकीची सावली केली असेल, तर यंत्रालाही कमी राबावे लागते. आणि वृद्ध माणूस असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, गुंगी येऊ लागली, तर सजावटीचा व काटकसरीचा विचार सोडून अंग ओल्या कापडाने पुसत तत्काळ रुग्णालय गाठावे.

जुन्या सवयीने मी दुपारी चारचे खोलीतील तापमान वहीत टिपून ठेवतो. बाहेर साधारण तेवढाच पारा असलेल्या दिवसांची तुलना केली, तेव्हा यंदा खोली सुमारे तीन अंशांनी कमी तापलेली आढळली. दोन वर्षांचे दोन दिवस कधी तंतोतंत सारखे नसतात, म्हणून हा ताळेबंद काटेकोर म्हणता येणार नाही. खर्चाचा आकडा मात्र पक्का आहे : कूलर जुनाच होता, चुना, चिक, कापड, पंखा, घोडी आणि मजुरी मिळून जे लागले, ते मागील वर्षीच्या वांगी पडद्यांपेक्षाही कमी होते.

एक शंका मला शेवटपर्यंत होती. बाहेरून चिक सोडल्यावर आईला दुकानाची पायरी कशी दिसणार? परवा साडेपाचला वर गेलो, तर ती खिडकीशी खुर्ची घेऊन बसली होती. बाहेर लख्ख ऊन आणि आत सावली असली की, चिकाच्या काड्यांमधून आतून बाहेरचे सारे दिसते. बाहेरून मात्र आतले दिसत नाही. पुतण्या पायरीवर उभा राहून कोणा गिऱ्हाईकाशी बोलत होता. आई म्हणाली, "बघ, उन्हात टोपी न घालता उभा आहे. खाली जाऊन सांग त्याला."