पायाचा ताणजन्य अस्थिभंग आणि लचक : निदानातील भेद

प्रस्तावना :
महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांस १६०० मीटर, तर महिला उमेदवारांस ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी दौलताबादचा घाटरस्ता वा देवगिरी किल्ल्याच्या पायऱ्या निवडून सराव करणाऱ्या विद्यार्थ्याचे पाऊल दुखू लागल्यास 'मुरगळले असेल' असे समजून लेप व क्रेप बँडेजवर भागविले जाते. प्रत्यक्षात हाडास तडा गेलेला असू शकतो.

स्वरूप :
लचक म्हणजे अस्थिबंधास झालेली इजा होय. ताणजन्य अस्थिभंगात मात्र पाय मुरगळल्याचा प्रसंग बहुधा घडलेलाच नसतो. वारंवार पडणाऱ्या भाराने हाडात सूक्ष्म तडे जातात. सराव एकाएकी वाढविल्यास ते भरून येण्यास अवधी मिळत नाही. प्रशियाचे लष्करी वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन केले होते. त्या सुजेमागे अस्थिभंग असल्याचे क्ष-किरणांच्या साहाय्याने १८९७ मध्ये स्पष्ट झाले.

निदान :
लचकेची वेदना तत्क्षणी सुरू होते व बहुधा घोट्याच्या बाहेरील बाजूस असते. अस्थिभंगाची वेदना हळूहळू वाढते. प्रारंभी धावताना, पुढे चालतानाही जाणवते. एका बोटाने दाबता हाडावरील नेमकी जागा दुखणे, हे महत्त्वाचे लक्षण होय. दुसऱ्या व तिसऱ्या बोटामागील लांब हाडांत हा भंग विशेषत्वाने आढळतो. पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते. म्हणून केवळ त्यावरून अस्थिभंग नाही, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. संशय कायम राहिल्यास एमआरआय तपासणी अधिक विश्वसनीय ठरते.

दक्षता :
लांब हाडांचा भंग सामान्यतः सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येतो. पावलाच्या कमानीवरील नौकाकृती हाड व करंगळीमागील हाडाचा मूळ भाग येथील भंग मात्र सहज जुळत नाही. प्रसंगी शस्त्रक्रिया करावी लागते. अपुरा आहार, ड जीवनसत्त्वाची कमतरता व विद्यार्थिनींमधील अनियमित मासिक पाळी यांमुळे धोका वाढतो.

समारोप :
भरतीची संधी हुकेल या भीतीने विद्यार्थी वेदना लपवितात व तडा पूर्ण भंगात परिवर्तित होण्याचा धोका ओढवून घेतात. म्हणून क्रीडाशिक्षक व राष्ट्रीय छात्रसेनेच्या अधिकाऱ्यांनी 'पाय कधी मुरगळला?' हा प्रश्न प्रथम विचारावा. त्याचे निश्चित उत्तर मिळत नसेल, तर धावणे तत्काळ थांबवून विद्यार्थ्यास अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठविणे उचित ठरते.