भाकर मोडण्याचा अधिकार

तापीच्या उजव्या तीरावर, सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील इच्छापोर हे गाव आज हिऱ्यांच्या वसाहतीमुळे आणि आसपासच्या कारखान्यांमुळे लोकांच्या तोंडी असले, तरी दक्षिण गुजरातेतील ख्रिस्ती मंडळ्यांच्या पूर्वेतिहासाकडे वळून पाहणाऱ्यास ते एका निराळ्याच कारणाने ध्यानात ठेवावे लागते. मिशनऱ्यांनी आपसांत मुलूख वाटून घेतला, तेव्हा सुरत शहर आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे राहिले आणि शहराच्या भोवतालचा पुष्कळसा प्रदेश, म्हणजे उत्तरेस अंकलेश्वर, पूर्वेस व्यारा, दक्षिणेस जलालपोर आणि वलसाड, त्यांच्याही पलीकडे डांगातील आहवा आणि मराठी मुलखातील डहाणू व पालघर, ही सारी ठाणी ‘चर्च ऑफ द ब्रदरन’ या अमेरिकन पंथाची झाली. इच्छापोर या दोन वहिवाटींच्या मध्ये पडते. आयरिशांच्या कार्याची नोंद सुरतेच्या मिशन छापखान्याने मुबलक करून ठेवली आहे. म्हणून येथे विचार करावयाचा आहे तो मुख्यतः दुसऱ्या वहिवाटीचा, कारण हा पंथ शांततेला आपल्या धर्माचे लक्षण मानणारा होता आणि त्याच्या स्त्रियांनी येथे केलेले काम त्यांच्या पदांच्या मानाने फारच मोठे होते.

१७०८ मध्ये जर्मनीतील श्वार्त्सेनाऊ या गावी एडर नदीच्या पाण्यात ज्या आठ जणांनी नव्याने बाप्तिस्मा घेऊन हा पंथ स्थापिला, त्यांत पाच पुरुष होते आणि तीन स्त्रिया. शस्त्र धरू नये, शपथ वाहू नये, बंधूवर सरकारदरबारी फिर्याद करू नये, मनात किल्मिष असेल तर प्रभुभोजनास बसण्यापूर्वी समेट करावा आणि त्या प्रीतिभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुवावेत, असा त्यांचा शिरस्ता. ज्या पंथात शिष्यत्वाची खूण म्हणून पाय धुतले जातात, तेथे अधिकाराचा प्रश्नच उद्भवू नये असे कोणासही वाटेल. परंतु तो उद्भवला, आणि प्रभुभोजनाच्या भाकरीवरून उद्भवला. पुरुष ती आपल्या हाताने मोडून शेजारच्या बंधूस देत असत. स्त्रियांच्या पंक्तीत मात्र ती त्यांच्यासाठी कोणी पुरुष वडील मोडून देई. उपदेशाचेही तेच. सेरा राइटर मेजर ही बाई मंडळ्यांतून उपदेश करीत फिरत असता १८३४ च्या वार्षिक सभेने भगिनींचे उपदेशकार्य नापसंत ठरविले. पुढे ज्युलिया गिल्बर्ट नावाच्या एका बाईने वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या केल्यावर १९१० मध्ये स्त्रियांना आपली भाकर आपण मोडण्याची मुभा मिळाली. आणि पाळकपदाची संपूर्ण दीक्षा मिळण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

हा कालक्रम ध्यानात ठेवून वलसाडकडे पाहिले म्हणजे मौज वाटते. १८९४ मध्ये या पंथाचे जे पहिले तिघे हिंदुस्थानात उतरले, ते विल्बर स्टोव्हर, त्यांची पत्नी मेरी आणि बर्था रायन, म्हणजे तिघांत दोघी स्त्रिया. स्वतःच्या हाताने भाकर मोडण्याचा ज्यांना आपल्या देशी अधिकार नव्हता, त्यांच्यावर पाच-सहा वर्षांच्या आतच एका संपूर्ण मुलखाच्या पोरक्या मुलांना भाकर पुरविण्याचा प्रसंग आला. संवत १९५६ चा, इसवी सन १८९९-१९०० चा, तो ‘छप्पनिया’ दुष्काळ गुजराती घरांत अजूनही नावाने ओळखला जातो. वलसाडचे अनाथालय त्या आपत्तीतून उभे राहिले, आणि मुलांची शाळा, आजाऱ्यांची शुश्रूषा, विधवांची व्यवस्था हा जो मंडळीचा खरा संसार, तो बहुतांशी बायकांच्या हाती गेला. मिळकतीची खरेदीखते व मुखत्यारपत्रे पुरुषांच्या नावे राहिली.

त्याच दुष्काळात केडगावहून पंडिता रमाबाईंची माणसे गुजरातेत येऊन निराधार मुली आपल्या मुक्तिसदनात घेऊन गेली, आणि त्या आश्रमाची वस्ती दीड हजाराच्या वर गेली. रमाबाईंचा उल्लेख येथे केवळ प्रसंगाने करून थांबता येत नाही. अधिकार कोणाकडून मागावा, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती स्त्रीने प्रथम त्यांच्याच मुखाने विचारला आहे. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्या चेल्टनहॅमच्या विद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी तीस हरकत घेतली. स्वदेशी गेल्यावर बाईंचे वजन कमी होईल, अशी त्या थोर पुरुषांना भीती वाटली! रमाबाईंनी त्या हरकतीस जे उत्तर दिले त्यात आर्जव थोडे आणि स्वत्व पुष्कळ होते. त्यांनी कोणत्याही बिशपाची सनद न घेता केडगावी आपली मंडळी उभारली. तेथे स्त्रिया शेती करीत, छापखाना चालवीत, प्रार्थना चालवीत. १९०५ च्या धार्मिक जागृतीनंतर तेथील तरुणींची पथके गावोगाव फिरली. दीक्षित पाळक नसलेल्या एका बाईने मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर करावे, आणि ते आश्रमातील मुलींच्या हातांनी छापले जावे, याहून मोठे धर्मपीठ ते कोणते?

ब्रदरन मंडळ्यांत असे एकछत्री व्यक्तिमत्त्व निर्माण झाले नाही. तेथे काम विखुरलेले आणि म्हणूनच इतिहासाच्या नजरेतून निसटलेले आहे. डहाणूच्या मिशन इस्पितळात डॉ. बार्बरा निकी यांनी वारली आणि कोळी बायकांची सेवा केली. त्यांचे नाव निदान अहवालांत तरी सापडते. परंतु ज्यांना सारे ‘बायबल-बाई’ म्हणत, त्या एतद्देशीय, बहुधा विधवा, अल्प दरमहावर राबणाऱ्या स्त्रियांची नावे क्वचितच नोंदली गेली. पुरुष उपदेशक चावडीपर्यंत पोहोचे. बायबल-बाई माजघरापर्यंत पोहोचे. सासू-सुनांचे, शेजाऱ्या-पाजाऱ्यांचे, बाटलेल्या आणि न बाटलेल्या भावांचे तंटे जेथे शिजतात ती जागा माजघर हीच असल्यामुळे, समेटाचे काम कोणत्याही पंचायतीच्या आधी तिच्याकडे येत असले पाहिजे, असे माझे अनुमान आहे. आणि दप्तर मुके असले म्हणून ते अनुमान सोडून द्यावे असे मला वाटत नाही.

या भूमीत स्त्रियांचे धार्मिक वजन केवळ ख्रिस्ती मंडळ्यांपुरते होते, असेही नव्हे. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली ‘देवी’ची लाट डांगातून सुरत जिल्ह्यात आली आणि अंगात येणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या तोंडून हजारो आदिवासींना दारू सोडण्याचा आदेश मिळाला. पुढे आठच वर्षांनी, १३ एप्रिल १९३० रोजी, दांडी येथे जमलेल्या स्त्रियांच्या सभेत गांधीजींनी दारूच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांवरील निरोधनाचे काम मुद्दाम स्त्रियांकडे सोपविले, आणि मिठूबेन पेटिट या पारशी बाईंनी मरोलीस आश्रम मांडून तो आयुष्यभर चालविला. जलालपोरच्या ब्रदरन ठाण्यापासून दांडी हाकेच्या अंतरावर नसली, तरी तालुका तोच. शस्त्रसंन्यास हे ज्यांचे व्रत, त्यांच्या दाराशीच अहिंसेचा एवढा मोठा प्रयोग व्हावा, हा योग विलक्षण होता.

यानंतरची हकीकत मात्र उमेद वाढविणारी नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथांनी मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापिले, आणि त्यांत ब्रदरनही सामील झाले. काही वर्षांतच ब्रदरनांतील एक गट फुटून निघाला व मिळकत कोणाची, असा कज्जा सुरू झाला. बंधूवर फिर्याद करू नये म्हणणाऱ्यांचेच वारस ते! खालच्या न्यायालयापासून निघालेला हा बखेडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ मध्ये तेथून फैसला झाला की सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली येणारे असे प्रश्न दिवाणी न्यायालयाने चालविण्याचे नाहीत, आणि २०१३ मध्ये असा की नुसत्या ठरावाने विश्वस्त संस्थेचे व तिच्या मिळकतीचे विलीनीकरण कायद्याने सिद्ध होत नाही. तीन दशकांहून अधिक काळ चाललेल्या या दाव्याच्या नावनिशीतही, पूर्वी खरेदीखतांत होती तशीच, पुढे दिसतात ती पुरुषांची नावे. त्यावरून स्त्रिया स्वभावतःच शांत असतात, असा भाबडा निष्कर्ष मी काढीत नाही. कागदावर ज्यांचे नाव नव्हते त्यांना भांडण्यासारखे काही दिलेच नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. तथापि ज्या सप्टेंबर महिन्यात तो दुसरा निकाल लागला, त्याच महिन्याच्या अखेरीस दक्षिण भारतातील संयुक्त मंडळीने पुष्पललिता या बाईंना नंद्यालच्या बिशपपदी बसविले, हा योगायोग नोंदून ठेवावासा वाटतो.

दरम्यान शांततेची खरी परीक्षा घराबाहेर झाली होती. १९९८ च्या नाताळात आहव्यापासून डांगभर प्रार्थनामंदिरांवर हल्ले झाले. पंतप्रधान वाजपेयी जानेवारीत तेथे येऊन गेले आणि धर्मांतरावर राष्ट्रव्यापी चर्चा व्हावी असे म्हणाले. चर्चा वर्तमानपत्रांत झाली. जळालेल्या झोपडीवजा मंदिरांच्या शेजारी ज्यांना दुसऱ्या दिवशीही त्याच विहिरीवर पाणी भरायचे होते त्या बायकांना चर्चेहून निकडीचे काम होते, आणि ते एका गावात दोन देवांचे लोक पुन्हा नांदते करण्याचे होते. मराठी मुलखाला लागून असलेल्या, १९६० मध्ये कोणाकडे जावे म्हणून भांडला गेलेल्या त्या डोंगरी जिल्ह्यातील समेटाचा इतिहास लिहावयाचा तर आहव्याच्या सरकारी दप्तरापेक्षा त्या विहिरींपाशी अधिक सामग्री मिळेल.

उत्तर भारतातील मंडळीने पहिली स्त्री बिशप निवडली ती २०२४ मध्ये: व्हायोलेट नायक, धर्मप्रांत फुलबाणी. फुलबाणी हे ओडिशातील कंधमालचे मुख्य ठिकाण. २००७-०८ मध्ये तेथे जी जाळपोळ झाली तिच्यात हजारो कुटुंबे घरादारांस मुकली. म्हणजे पद मिळाले तेही अशा ठिकाणी, जेथे समेटाचे काम अद्याप पुरे झालेले नाही आणि जेथे या आधीच्या पुरुष अधिकाऱ्यांनाही ते पुरे करता आलेले नव्हते.